डाव्या हाताचा डॅशबोर्ड

भोसरीत एमआयडीसीच्या मागच्या रस्त्याला माझा एक गाळा आहे. गाड्यांची वायरिंग, म्युझिक सिस्टिम, मागचा कॅमेरा, जादा दिवे असली कामं मी तिथं करतो. हौशी माणसाला कंपनीनं गाडीत दिलेलं कधी पुरत नाही. कुणाला गिअरच्या पुढं मोबाईल आणि चार्जरची पेटी हवी असते, कुणाला सगळे स्विच एका पट्टीवर हवे असतात. असे कन्सोल मी हातानं घडवतो. आधी पुठ्ठ्याचा साचा, मग काळी प्लास्टिकची शीट तापवून वाकवायची, कडा घासायच्या, आणि आतली वायर अशी बसवायची की कुणाला दिसू नये. ह्या कामात माझं थोडं नाव आहे. त्या नावाचा मला अभिमानही होता.

गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, म्हणून गुरुवारीच माझ्याकडं जास्त गर्दी. दोन वर्षांपूर्वी अशाच एका गुरुवारी सकाळी एक जुनी पांढरी व्हॅन दारात येऊन थांबली. चालवणारा उतरला. चाळिशीचा, बारीक अंगाचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला. त्यानं उजवा हात माझ्यासमोर धरला.

"ह्याच्यासाठी काम हाय, दादा," तो म्हणाला.

हाताला अंगठा होता. करंगळी निम्मी होती. मधली तीन बोटं नव्हती.

मी ऐकत होतो आणि तो सांगत होता. बायको महाळुंग्यात मेस चालवते. कंपन्यांतली पोरं खोल्या करून राहतात, त्यांना हा व्हॅनमधून डबे पोचवतो. स्टिअरिंग त्याला तळव्यानं आणि अंगठ्यानं धरता येतं, पण इंडिकेटरची दांडी उजवीकडं. ती वळवायला डावा हात स्टिअरिंगच्या आतून पलीकडं न्यावा लागतो. मागच्याच आठवड्यात चाकणच्या चौकात तसा हात घालताना गाडी एका दुचाकीच्या अंगावर जाता जाता राहिली होती.

"तवा मला सगळं डाव्या हाताशी पायजे," तो म्हणाला. "इंडिकेटर, हॉर्न, दिवं, वायपर. आन डबं गरम ठेवायची पेटी बसवलीय माघं, तिचा बी स्विच. न बघता लावता आलं पायजे. आरटीओचं कागद मी चालू केल्यात."

"बोटं कुठं गेली?" मी विचारलं. आमच्या पट्ट्यात हा प्रश्न कुणी वाईट मानत नाही.

"प्रेसवर," असं म्हणून त्यानं कंपनी कुठली ते सांगितलं. महाळुंग्याच्या अलीकडं, पेट्रोलपंपाच्या मागं, निळ्या पत्र्याची शेड. आता तिची पाटी बदललीय, मालकही बदललाय, असंही म्हणाला.

माझ्या हातात पाना होता. तो मी फडक्यानं पुसत होतो. पुसतच राहिलो.

त्या कंपनीत मी पाच वर्षं मेंटेनन्सला होतो. इलेक्ट्रिशियन. त्यानं मला ओळखलं नाही ह्यात नवल नव्हतं. मेंटेनन्सचा माणूस मशीन बंद पडल्यावरच येतो, आणि तेव्हा ऑपरेटर चहाला गेलेला असतो. तो कंत्राटावर नवा लागला होता. चेहऱ्यानं मीही त्याला ओळखलं नसतं. पण त्या शेडमध्ये अशी तीन बोटं एकाच माणसाची गेली होती, आणि ती कशी गेली हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

पत्रा दाबून आकार देणाऱ्या प्रेसच्या तोंडाशी एक सेन्सर असतो. माणसाचा हात आत असला की तो प्रेसला खाली येऊ देत नाही. त्या मशीनचा सेन्सर बिघडला होता. हात आत नसतानाही तो मशीन थांबवायचा. शिफ्टला शंभरदा थांबलं की माल निघत नाही. सुपरवायझर माझ्याकडं आला आणि म्हणाला, "राव, तेवढा जंपर मार. नवा सेन्सर उद्या येतोय." जंपर म्हणजे वायरचा तुकडा. तो लावला की मशीनला वाटतं, सेन्सर सगळं ठीक म्हणतोय. मी लावला. वीतभर लाल वायर होती, पॅनेलचं दार उघडून दोन मिनिटांत लावली. ऑपरेटरला कुणी सांगितलं नाही. मीही नाही. उद्याचा सेन्सर अकरा दिवस आला नाही. मी रोज त्या मशीनसमोरून जात होतो. रोज मला वायर आठवायची आणि रोज मी पुढं जायचो.

अकराव्या दिवशी ते झालं. रुग्णवाहिका गेटच्या बाहेर पडली तशी सुपरवायझरनं मला हाक मारली. नवा सेन्सर स्टोअरमध्ये सकाळीच आलेला होता. मी वायर काढली, सेन्सर बसवला. दुसऱ्या दिवशी चौकशीचा कागद आला. त्यावर लिहिलं होतं, 'तपासणीवेळी सेन्सर कार्यरत स्थितीत आढळला.' वाक्य खरं होतं. मी सही केली. दोन महिन्यांनी नोकरी सोडली आणि सगळ्यांना सांगितलं की मला स्वतःचा धंदा करायचाय.

हे सगळं त्याला तिथंच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "बसा. चहा घेणार?"

मनातल्या मनात मी ठरवून टाकलं की ह्या माणसाचं काम असं करायचं, जसं आजवर कुणाचं केलं नाही. इतकं चांगलं की मग सांगायची गरजच उरू नये. आज हे लिहिताना कळतं की ही भरपाई नव्हती, ही लपायची जागा होती. पण तेव्हा मी खरोखर झपाटल्यासारखा कामाला लागलो.

पुढचे तीन गुरुवार तो व्हॅन आणून सोडायचा आणि शेजारी स्टुलावर बसायचा. मी त्याला डोळे मिटायला सांगायचो आणि पुठ्ठ्याच्या साच्यावर हात फिरवायला लावायचो. हात आपसूक कुठं जातो ते पेन्सिलनं टिपून घ्यायचो. इंडिकेटरला मी लांबट खटका घेतला, डावीकडं ढकलला की डावा, उजवीकडं ढकलला की उजवा. वायपरला दातेरी गोल बटण. डब्यांच्या पेटीचा स्विच खोलगट, म्हणजे चुकून हात लागायला नको. प्रत्येकाचा आकार वेगळा, म्हणजे बोटाला न बघता कळावं. तो डोळे मिटून एकेक लावायचा आणि शाळेतल्या पोरासारखा नावं सांगायचा. "वायपर. पेटी. दिवं." चुकलं की हसायचा.

एका गुरुवारी मी त्याच्या उजव्या हाताचा ठसा घेतला. स्टिअरिंगवर एक मूठ बसवायची होती, त्याच्याच तळव्याच्या मापाची. गणपतीच्या दिवसांत घरी आणलेली शाडू उरली होती, ती मी भिजवून आणली. तिचा गोळा केला आणि त्याचा हात माझ्या दोन्ही हातांत धरून त्यात दाबला. जिथं बोटं संपली होती तिथली कातडी गुळगुळीत, गार होती. आठ वर्षं मी ह्या हाताचा विचार केला होता, पण तो कधी असा गार असेल हे मनात आलं नव्हतं.

"दुखतं का?"

"थंडीत. एरवी न्हाई."

मग मी विचारलं, "कसं झालं होतं?" मला माहीत होतं, तरी विचारलं. बहुतेक मला त्याच्या तोंडून कंपनीला शिवी ऐकायची होती.

"माझीच चूक," तो म्हणाला. "मशीनला सेन्सर व्हता. हात आत आसंल तर प्रेस येतच न्हाई खाली. पन माजा हात आत आसतानाच ती आली, आसं मला वाटायचं. लई दिस मी सगळ्यास्नी त्येच सांगितलं. मंग चौकशीत सेन्सर चांगला निघाला. सायब म्हनले, सेन्सर चुकवून बाजूनं हात घातला आसशील, घाई केली आसशील. आता मेंटेनन्सवाल्यानं तपासून लिवलंय म्हनल्यावर त्यो कशाला खोटं लिवंल? मीच कायतरी येडंवाकडं केलं आसंल. दुखन्यात मानसाला खरं काय त्ये आठवत न्हाई."

त्याचा हात अजून शाडूत होता आणि माझे हात त्यावर. मी म्हणालो, "हलवू नका, ठसा बिघडेल."

आजवर मला वाटत होतं की मी त्याची बोटं घेतली. त्या दिवशी कळलं की मी आणखी काहीतरी घेतलं होतं. त्याला जे दिसलं होतं ते खरं होतं, आणि माझ्या सहीनं ते त्याच्याकडून काढून घेतलं. त्या दिवशीही मी गप्प राहिलो. घरी गेलो, जेवलो, झोपलोसुद्धा. झोप लागली ह्याची मला अजून लाज वाटते.

मग हॉर्नच्या बटणाची गोष्ट झाली. हॉर्न घाईत वाजवावा लागतो, तेव्हा बटण मोठं हवं, तळव्यानं दाबता येईल असं. माझ्याकडं एक छत्रीसारखं हिरवं बटण पडून होतं, मी विचार न करता तेच बसवलं. तो आला, सीटवर बसला, डोळे मिटले आणि हात फिरवू लागला. इंडिकेटर. वायपर. मग तळवा त्या बटणावर आला आणि त्यानं चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. डोळे उघडले. कपाळावर घाम होता.

"ह्ये नको," तो म्हणाला. "दुसरं काय बी लावा. ह्ये नको."

प्रेसवर असंच बटण असतं. ते तळव्यानं दाबलं की प्रेस खाली येते. हे मला माहीत असायला हवं होतं. मला ते माहीतच होतं. मी बटण काढलं, ड्रॉवरमध्ये टाकलं आणि त्या जागी चपटी रबरी पट्टी बसवली. बसवताना स्क्रू दोनदा खाली पडला. तो खाली वाकला आणि डाव्या हातानं स्क्रू उचलून त्यानं मला दिला.

काम पूर्ण झालं त्या दिवशी आम्ही व्हॅन घेऊन निघालो. तो चालवत होता, मी शेजारी. मोशीच्या पुढं ट्रेलरची रांग होती. त्यानं न बघता इंडिकेटर दिला, हॉर्न दिला, मूठ फिरवून व्हॅन रांगेतून बाहेर काढली. त्याचा चेहरा खुलला होता.

"दादा, आठ वर्सांत पयल्यांदा दोन हातांनी गाडी चालवतोय आसं वाटतंय," तो म्हणाला. "घरी चला. बायकूनं जेवायला बोलवलंय. ती म्हनती, ह्या मानसाला बघायचंय मला. देवमानूस हाय म्हनती."

"गाडी बाजूला घ्या," मी म्हणालो.

त्याला वाटलं, काही वाजतंय. त्यानं एका बंद ढाब्याच्या अंगणात व्हॅन उभी केली आणि कन्सोलकडं वाकून ऐकू लागला. मी सांगितलं. अंगणात एक टँकर धूत होते, त्या पाण्याच्या आवाजात मी सगळं सांगितलं. सेन्सर बिघडला होता. जंपर मी लावला. अकरा दिवस ठेवला. नंतर काढला, आणि सही केली. हात आत असताना प्रेस खाली आली, तुम्हाला आठवतं तेच खरं आहे.

तो समोरच्या काचेतून बघत होता. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"तू व्हतास त्यो?" तो शेवटी म्हणाला. तीन आठवडे तो मला 'तुमी' म्हणत होता.

"हो."

"म्हंजी मी हात बाजूनं घातला नव्हता."

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

त्यानं डावा हात तोंडावरून फिरवला. मग व्हॅन चालू केली. "आता घरी चल," तो म्हणाला. "ह्ये तिच्याम्होरं सांग. मला सांगून काय उपेग?"

मी म्हणू शकलो असतो की मला उतरवा. मनात तेच होतं. पण त्यानं रस्त्याला लागायला इंडिकेटर दिला, आणि माझ्याच्यानं तोंड उघडवलं नाही.

घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. पडवीत मेसचा स्वयंपाक चालू होता. एका बाजूला डब्यांच्या उतरंडी, शेगडीवर मोठ्या पातेल्यात वांग्याची भाजी. त्याची बायको पदरानं हात पुसत पुढं आली, मला बघून हसली, आणि आतल्या मुलीला पाणी आणायला सांगितलं. तो म्हणाला, "पानी नंतर. ह्यो काय सांगतोय त्ये आयिक." मी उभ्यानंच पुन्हा सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. थोरली मुलगी पाण्याचा तांब्या हातात घेऊन दारात उभी राहून ऐकत होती. दहावीतली असेल.

बाई ओरडली नाही. ती माझ्याकडं बघतही नव्हती, नवऱ्याकडं बघत होती.

"हात गेला तो गेला," ती म्हणाली. "पन मी ह्यास्नी आठ वर्सं घाईखोर म्हनत आले. भांडी पडली तरी म्हनलं, डबा सांडला तरी म्हनलं. पोरींम्होरं म्हनलं, तुमच्या बापानं घाई केली आन आपली ही दशा झाली. त्ये आता कसं माघारी घेऊ मी?"

तो म्हणाला, "भाजी लागतीय खाली." ती वळली आणि तिनं पातेलं ढवळलं. पाठमोरी असतानाच म्हणाली, "लिवून द्या."

मी म्हणालो, "देतो. कोर्टात द्यायचं असेल तर तिथंही येईन."

"कोरटाचं आमी बगू. पोरींनी वाचावं म्हनून लिवा."

मुलीनं वही आणि पेन आणून दिलं. मी डब्यांच्या टेबलाशी बसून लिहिलं. नोकरीत रिपोर्ट लिहायची सवय, हात आपोआप त्या वळणानं गेला. 'सदर मशीनवर सेन्सरच्या जागी जंपर लावण्यात आला होता व तो अपघातानंतर काढण्यात आला.' बाईनं कागद घेतला. ओठ हलवत, एकेक शब्द वाचला.

"लावन्यात आला म्हंजी?" तिनं विचारलं. "कुनी लावला?"

"मी."

"मंग तसं लिवा की."

मी ते खोडलं. खाली लिहिलं, 'जंपर मी लावला. अकरा दिवस मी तो तसाच ठेवला. ह्यांची काही चूक नव्हती. नंतर मी खोटेपणानं सही केली.' एवढी चार वाक्यं लिहायला मला त्या सबंध चौकशीपेक्षा जास्त वेळ लागला. बाईनं पुन्हा वाचलं, मग मुलीकडं दिलं. मुलीनं मोठ्यानं वाचलं. बापानं तोपर्यंत पाठ फिरवली होती आणि तो डबे व्हॅनमध्ये चढवू लागला होता. मी एक उतरंड उचलायला पुढं झालो, तर तो म्हणाला, "ठिव. तू जा आता."

जेवायला कुणी म्हटलं नाही. मी रस्त्यापर्यंत चालत आलो आणि सहा आसनी रिक्षानं मोशीला उतरलो. त्या संध्याकाळी मी हे माझ्या बायकोलाही सांगितलं. आमच्या लग्नाआधीची ती गोष्ट, तिला काहीच माहीत नव्हतं. तिनं एवढंच विचारलं, "आणि तो सुपरवायझर?" मी म्हणालो, त्याचं तो बघेल. ती म्हणाली, "हे बरं आहे," आणि उठून गेली. बरेच दिवस ती माझ्याशी नेहमीसारखं बोलली नाही. तिला माझी वायर लावण्याची चूक समजत होती. तो माणूस तीन आठवडे माझ्यासमोर स्टुलावर बसत होता आणि मी त्याला चहा पाजत होतो, हे तिला समजत नव्हतं. मलाही नीट सांगता आलं नाही.

तो कागद त्यांनी राजगुरुनगरच्या एका वकिलाला दाखवला. वकिलानं मला एकदा बोलावून घेतलं, सगळं विचारलं, आणि मुदत कधीच उलटून गेलीय पण भरपाईचा अर्ज करून बघू, असं म्हणाला. अर्ज केलाय. बोलावतील तेव्हा मी जाईन, हे मी त्यांना लेखी दिलंय. त्याचं काय होईल ते मला माहीत नाही. वकिलाच्या ओट्यावर आम्ही दोघं तासभर शेजारी बसलो होतो, पण तो माझ्याशी बोलला नाही. मुलगी बरोबर होती, तिच्याशी तो तिच्या परीक्षेबद्दल बोलत होता.

व्हॅनचं पुढचं दुरुस्तीचं काम त्यानं चाकणमधल्याच कुणाकडून तरी करून घेतलं असावं. माझ्याकडं ती परत आली नाही. माझ्या गाळ्यात गिऱ्हाईक येतं, मागच्या कामांचे फोटो मागतं, मी दाखवतो. त्या व्हॅनचे फोटोही मी काढले होते. माझ्या हातून झालेलं ते सगळ्यात चांगलं काम आहे. ते मी कुणाला दाखवत नाही. पुसूनही टाकत नाही.

गेल्या पावसाळ्यात एकदा सकाळी फोन आला. त्याचं नाव दिसलं आणि मी हातातलं काम खाली ठेवलं.

"वायपर बंद पडलाय," तो म्हणाला. बाकी काही नाही.

"गाडी घेऊन या, किंवा मी येतो."

"न्हाई. फोनवर सांगायचं."

मी सांगितलं. कन्सोलच्या खाली डाव्या बाजूला झाकण आहे, नखानं उघडतं. आत फ्यूजची रांग आहे, त्यातला दुसरा वायपरचा. जादाचे दोन झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेले आहेत. मला झाकण उघडल्याचा आवाज आला, मग त्याच्या श्वासाचा. एका हातानं फोन सांभाळत फ्यूज काढणं त्याला जड जात असणार. मी घाई करू नका म्हणणार होतो. पण 'घाई' हा शब्द मी तोंडून बाहेर पडू दिला नाही.

थोड्या वेळानं वायपरचा घर्र घर्र आवाज येऊ लागला.

"लागला," तो म्हणाला.

"बरं."

मागून त्याच्या बायकोचा आवाज आला, "डबं भरल्यात, चला." मग फोन बंद झाला.